तन्वीची नाडी

या विभागातले अनुभव मी आजवर डबा खाता खाता वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच. पिंपळ, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... कंपनीत आम्ही चौघं एकत्र जेवायला बसतो. एक जण मोबाइलवरून मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे त्यातल्या चुका काढायचे. सगळ्यात जास्त चुका मी काढायचो. त्यामुळे हे वाचून कुणाला हसू आलं तर माझी तक्रार नाही. फक्त पूर्ण वाचा, एवढंच.

मी तळोजा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. प्रेशर, तापमान, फ्लो मोजणारी उपकरणं बरोबर दाखवतायत की नाही ते तपासायचं आणि चुकत असतील तर दुरुस्त करायची, हे माझं काम. कुणी विचित्र आकडा सांगितला की माझा पहिला संशय उपकरणावरच जातो. आमच्या घरी देव आहेत, गणपती बसतो, पण नजर काढणं, उतारा टाकणं असलं काही माझ्या आईनेसुद्धा कधी केलं नाही.

राहायला आम्ही सुकापूरला. आम्ही म्हणजे मी, बायको वैशाली आणि मुलगी तन्वी. चार मजल्यांची बिल्डिंग, आमचा दुसरा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. वैशाली मूळची उरणच्या कोळीवाड्यातली. वडील होडीवर जायचे, ते ती कॉलेजात असतानाच वारले. आईने मासळी विकून तिला शिकवलं. ती कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होती, पोहायची, आणि लग्नानंतर नवीन पनवेलच्या एका शाळेत पीटी टीचर म्हणून लागली. रोज पहाटे नेऱ्याच्या रस्त्याला धावून यायची. मी उठेपर्यंत तिची आंघोळ झालेली असायची.

तिच्या शाळेत एकदा शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. नर्सने नाडी मोजली, परत मोजली, मग डॉक्टरांना बोलावलं. सेहेचाळीस. वैशाली घरी आली ती घाबरूनच. आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजी काढला आणि हसले.

"चक्कर येते? डोळ्यांपुढे अंधारी? जिना चढताना दम लागतो?"

"नाही," वैशाली म्हणाली.

"मग घरी जा. साधारण माणसाची साठ ते शंभर असते बसल्या जागी. तुम्ही खेळाडू. तुमचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोक्यांत भागतं. हेच एखाद्या आजारी माणसाचं असतं तर मी थायरॉइड तपासला असता, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते बघितलं असतं, वायरिंगमध्ये कुठे बिघाड आहे का ते पाहिलं असतं. तुमचं उत्तम चाललंय."

तिला याचा फार अभिमान वाटायचा. पाहुणे आले की ती मनगट पुढे करायची, "मोजून बघा." मीही कौतुकाने बघायचो. कमी नाडी म्हणजे मजबूत हृदय, एवढंच तेव्हा आम्हाला कळत होतं.

पहिला प्रसंग घडला तेव्हा तन्वी चार वर्षांची होती. रविवार, दुपारची जेवणं झालेली. वैशाली हॉलमध्ये चटईवर झोपली होती आणि तन्वी तिच्या छातीवर पालथी. मी शेजारीच मिक्सर उघडून बसलो होतो. खालच्या मजल्यावर एका मुलाचा वाढदिवस होता, म्हणून मी तन्वीला हाक मारली. मग हलवलं. मग गालावर थापट्या मारल्या... पोरगी उठेना. ओठ फिकट, हात गार. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता, तो तिच्या बोटाला लावला. ऑक्सिजन व्यवस्थित, नाडी चव्वेचाळीस.

चार वर्षांच्या मुलाची नाडी झोपेतसुद्धा याच्या दुप्पट असते. मी सेल बदलले. तेच. मानेवर बोट ठेवून घड्याळाकडे बघत मोजली. तेच. मग मी तिला उचलून गॅलरीत धावलो, वाऱ्यावर बरं वाटेल म्हणून. ऑक्सिमीटर बोटालाच होता. साठ, ऐंशी, शहाण्णव... माझ्या डोळ्यांदेखत चढला. तन्वीने डोळे उघडले आणि विचारलं, "केक कापला?"

लहान मुलांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. ईसीजी, टू-डी इको, रक्त. काहीही नाही. तुमच्या मशीनचा घोळ असेल, म्हणाले, आणि मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पुढचं वैशालीच्या लक्षात आलं. ती तन्वीला मांडीवर घेऊन केसांना तेल लावत होती. तन्वी शाळेतलं काहीतरी सांगत होती, अखंड बडबड. बोलता बोलता ती सावकाश झाली आणि वाक्य अर्धवट सोडून मांडीवरच कलंडली. वैशालीने तिला पटकन खाली ठेवलं. तन्वी उठून बसली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

त्या दिवशी मी कामावरून आलो तर वैशाली दाराशीच उभी होती.

"सचिन, माझ्यामुळे होतंय ते," ती म्हणाली.

"काय?"

"तनूचं. तुझं मोजायचंच काम आहे ना. मग बस आणि मोज."

मी मेडिकलमधून दुसरा ऑक्सिमीटर घेऊन आलो. एक वैशालीच्या बोटाला, एक तन्वीच्या. तन्वी खुर्चीत असताना तिचा नव्वदच्या वर आणि वैशालीचा पंचेचाळीस. मांडीवर घेतलं की मिनिटाच्या आत दोन्ही पंचेचाळीस. उपकरणं अदलाबदल करून पाहिली, हाताने मोजून पाहिली. माझ्यावर करून पाहिलं, वैशालीचा हात हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसलो. माझी शहात्तर, जराही हलली नाही. शेजारच्या मुलीला तिच्या मांडीवर बसवलं. काही नाही. फक्त तन्वी.

मग मला एक सुचलं. मी वैशालीला म्हटलं, जिने चढउतार करून ये. ती चौथ्या मजल्यापर्यंत दोनदा पळत जाऊन आली आणि तशीच घामाघूम तन्वीला कवेत घेतलं. दोघींची एकशे पंधरा. तन्वी खिदळायला लागली, "आई, तुझं पोट उडतंय." 

त्या दिवसापासून आमच्या घरात ही पद्धत पडली. लेकीला जवळ घ्यायचं तर वैशाली आधी जिने चढून यायची. बिल्डिंगमधल्या लोकांना वाटायचं, बाई फिटनेसची वेडी आहे. पण खेळाडूचं हृदय लवकर शांत होतं, तीच त्याची खूण. ती मिठी मारायची, मी बाजूला आकडा बघत बसायचो. ऐंशीच्या खाली आला की म्हणायचो, "बास." आणि ती तन्वीला सोडायची. वैशाली जेवढी धावायची तेवढं हृदय मजबूत होत होतं, आणि तेवढी मिठी लहान होत होती. हे तिला माझ्याआधी कळलं असणार. एके दिवशी तिने पहाटेचं धावणं सोडून दिलं. कपाटातले बूट काढून कामवाल्या ताईंना दिले.

धावणं सोडून नाडी वाढली नाही. उलट उतरतच गेली. चाळीस, अडतीस... आता तिला चक्करही यायला लागली. एकदा शाळेच्या मैदानावर ती खाली बसली आणि मुलांनी दुसऱ्या टीचरला बोलावून आणलं. हृदयरोगतज्ज्ञांनी दिवसभर छातीला वायरी लावून रेकॉर्डिंग काढलं. म्हणाले, मधेमधे ठोका पडतच नाहीये, आता हा खेळाडूचा मामला राहिलेला नाही, पेसमेकर बसवावा लागेल.

एवढं ऐकल्यावर दुसरं कुणी रडलं असतं. वैशालीने विचारलं, "म्हणजे ते मशीन साठच्या खाली जाऊच देणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. त्यासाठीच असतं ते."

ती माझ्याकडे बघून हसली. तेवढी खूश मी तिला तन्वीच्या जन्मानंतर पाहिली नव्हती. माझ्याही मनात तेच होतं. साठ तर साठ, पण तिथे थांबेल. पोरगी निदान गार तरी पडणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. डावा हात वर करायचा नाही, वजन उचलायचं नाही, म्हणून सुरुवातीला तन्वीला जवळ घेता आलं नाही. परवानगी मिळाली त्या दिवशी वैशाली पलंगावर टेकून बसली, मी तन्वीला हळूच तिच्या उजव्या बाजूला बसवलं आणि दोघींच्या बोटांना ऑक्सिमीटर लावले.

साठ आणि साठ.

मी मोजमापातला माणूस आहे, म्हणून हे नीट सांगतो. जिवंत माणसाची नाडी कधी एका आकड्यावर गोठून राहत नाही. श्वासाबरोबर, हलण्याबरोबर दोन-चार इकडेतिकडे होते. वैशालीची साठवर स्थिर होती, कारण तिच्या छातीत मशीन होतं. तन्वीच्या छातीत काहीच नव्हतं... आणि तिचीही साठवर स्थिर होती. ती हसली तरी साठ. मी तिला गुदगुल्या केल्या तरी साठ.

आम्ही तिघं त्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्वतःच्या मॉनिटरला तन्वीला जोडलं. आईच्या मांडीवर, साठ. खाली, शहाण्णव. मांडीवर, साठ. हे त्यांनी बऱ्याच वेळा केलं. मग मॉनिटर बंद केला.

"पेसमेकरचा करंट इतका थोडा असतो की तो तुमच्या कातडीबाहेरसुद्धा येत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हृदयापर्यंत जाणं शक्यच नाही."

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही."

वैशाली म्हणाली, "आता जिने चढून आले तरी माझी साठच राहते. मग माझा रेट वाढवा. नव्वद करा. तिची नव्वद असली की झालं."

"ताई, तुमचं हृदय कायम नव्वदने पळवलं तर ते काही वर्षांत थकेल."

"चालेल."

"मला नाही चालणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर यातलं काहीच लिहिलं नाही. निघताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "मी हे कुणाला सांगू, आणि काय म्हणून सांगू?"

त्यानंतरचे महिने आम्ही कसेबसे ढकलले. आता जवळ घेण्याचीही गरज उरली नव्हती. शेजारी झोपलं तरी होत होतं, मग एका खोलीत असलं तरी होत होतं. वैशाली घरात असली की तन्वी खेळायची नाही. भिंतीला टेकून बसून राहायची, म्हातारीसारखी. वैशाली शाळेत गेली की घरभर नाचायची. ते वैशालीला दिसत नव्हतं असं नाही. ती शाळा सुटल्यावर उशिरा यायला लागली. कुठे होतीस विचारलं तर म्हणायची, "तलावावर बसले होते." वडाळे तलाव. तिथे लोक मुलांना घेऊन येतात.

तन्वी पाच वर्षांची झाली त्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप भरला. उतरेना म्हणून नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवली. सकाळची वेळ होती. ताप भरपूर, अंग भाजत होतं, पण हातपाय बर्फासारखे, बीपी खाली खाली चाललेलं. आणि मॉनिटरवर साठ. ड्युटीवरच्या डॉक्टर बाई परत परत तिच्या पलंगाशी येत होत्या.

"काही तापांत नाडी थोडी हळू असते," त्या म्हणाल्या, "पण एवढ्या तापात साठ नाही असू शकत. शरीराला हृदय वेगाने पळायला हवंय आणि ते पळत नाहीये. वरच्या डॉक्टरांना बोलावते."

वैशाली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि म्हणाली, "मी खाली जाते."

थोड्या वेळाने फोन वाजला.

"किती?"

"साठ. कुठे आहेस?"

"गेटपाशी. थांब, रस्ता ओलांडते... आता?"

"बासष्ट. चौसष्ट."

"तू फोन ठेवू नको. फक्त आकडा सांगत राहा."

मी खिडकीतून बघत होतो. ती फुटपाथवरून चालत होती, भाजीवाल्यांच्या मधून, एका हाताने दुसरा कान दाबून. नंतर वळणावर दिसेनाशी झाली.

"पंचाहत्तर," मी म्हटलं. "ऐंशी."

"रिक्षा करते." मग नुसता रिक्षाचा आवाज. मी आकडे सांगत राहिलो. नर्स तन्वीचे पाय चोळत होती, ती म्हणाली, "गरम लागतायत आता."

"पळस्पे फाटा आला," वैशाली म्हणाली. "किती?"

"एकशे पाच."

"एवढ्या तापाला किती पाहिजे? विचार त्यांना."

मी विचारलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, एकशे तीसच्या पुढे असायला हवी. मी ते फोनवर सांगितलं. पलीकडून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

"सचिन, अजून लांब जाऊ का?"

"एकशे सात," मी म्हटलं. मग तिचा आवाज ऐकू आला, कुणाला तरी विचारत होती, "उरणला जाणार का?"

तन्वीची नाडी एकशे अडतीसला पोचली तेव्हा वैशाली तिच्या आईच्या दारात होती. बीपी सुधारलं, ताप दोन-तीन दिवसांत उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं.

सासूबाईंचा फोन आला. "सचिन, पोरगी हिथं आलीय. काय बोलत नाय, जेवत नाय. तुमचं भांडन झालंय का?"

"नाही, आई."

"मंग? आजारी पोरीला टाकून कोन आई येते?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी बी पोरं वाढवलीत. असं कदी आयकलं नाय." त्यापुढे त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

वैशाली परत राहायला आली नाही. शाळेची नोकरी सोडली, उरणलाच मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. नातेवाईकांनी आपापले अर्थ लावले, माझ्या आईनेही लावला. मी मधूनमधून एकटा जाऊन यायचो. ताप नसताना एवढं अंतर लागत नसे, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही तन्वीला घेऊनही प्रयोग केले. ती बंदराच्या या टोकाला, वैशाली त्या टोकाला, दोघी एकमेकींना हात करायच्या. दर खेपेला आकडा जास्त लांबूनच उतरायला लागायचा. मग ते थांबवलं. व्हिडिओ कॉलवर काही होत नसे, म्हणून तेवढं ठेवलं.

पुढच्या वर्षी तन्वीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. तिचा कोळी डान्स, दुसऱ्या रांगेत. गाणं सुरू झालं, मुली वल्ही मारत पुढे आल्या, आणि मधेच तन्वी थांबली. बाकीच्या नाचतायत, ही स्टेजच्या मधोमध उभी, हात खाली, डोळे मिटत चाललेले. टीचरने पळत जाऊन तिला उचललं. मी खुर्च्यांमधून वाट काढत असताना मागे वळून पाहिलं. शेवटच्या दाराशी स्कार्फने तोंड बांधलेली एक बाई होती, स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा. ती वळून चालायला लागली होती... पाठमोरी चाल मी ओळखली. 

तिने मला येणार म्हणून सांगितलं नव्हतं. संध्याकाळी फोन आला.

"बरी आहे ना?"

"हो. खेळतेय खाली."

"हिरवा रंग छान दिसतो तिला," वैशाली म्हणाली. आणि मग, "आता मी कॉलही कमी करते. चेहरा दिसला की मला राहवत नाही, पाय तिकडे वळतात."

कॉल आठवड्याचा महिन्यावर गेला, मग सणावारी. तन्वी सुरुवातीला रडायची. नंतर फोन दिला की "हो", "बरी आहे", "अभ्यास चाललाय" म्हणून परत माझ्या हातात द्यायची. मैत्रिणींना ती काय सांगायची मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

यंदा सासूबाई गेल्या. तन्वी आता दहा वर्षांची आहे. तिला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून सोबत नेली आणि कोळीवाड्याच्या बाहेर रस्त्यावर माझ्या मेहुण्याच्या मुलीपाशी गाडीत बसवून ठेवली. ऑक्सिमीटर खिशात होता. मी आत गेलो. बायका रडत होत्या, वैशाली आईच्या उशाशी बसली होती. इतक्या वर्षांत तिचे केस पुढून पांढरे झालेत. मी टेकतोय न टेकतोय तोच दारात तन्वी दिसली. गाडीत उकडतंय म्हणून मुली आत आल्या होत्या.

मी लोकांना ढकलत तिच्यापर्यंत पोचलो आणि बोट ओढून ऑक्सिमीटर लावला. एकशे दोन. थांबलो. एकशे दोन, नव्याण्णव, एकशे एक. दहा-बारा पावलांवर वैशाली. तिने आमच्याकडे पाहिलं, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मागच्या दाराकडे जायला उठली. मी हातानेच तिला थांब म्हटलं.

सगळं आटोपल्यावर, पुरुष स्मशानातून परत आल्यावर, आम्ही तिघं मागच्या पडवीत बसलो. जाळी आणि बर्फाच्या पेट्या होत्या तिथे. वैशालीने अगदी हळू तन्वीचा हात हातात घेतला. अठ्ठ्याण्णव. तिच्या खांद्यावर हात टाकला. अठ्ठ्याण्णव. जवळ ओढून छातीशी धरलं, आणि मी आकडा बघत राहिलो, बास म्हणायची वेळ येईल म्हणून वाट बघत राहिलो. सत्त्याण्णव, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

"नाही होत," मी म्हटलं.

"कधीपासून?" वैशालीने विचारलं.

ते आम्हाला कळायला काही मार्गच नाही. कदाचित सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात थांबलं असेल. कदाचित गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी. परत करून बघायची आमची हिंमत झाली नव्हती.

तन्वी मिठीत ताठ बसली होती. दूरच्या मावशीने पकडलं की मुलं बसतात ना, तशी. तिने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, आपण कधी निघायचं?"

वैशाली आता सुकापूरला परत आली आहे. सगळं पाहिलं तर सुखाचं आहे, लोक तसं म्हणतातही. तन्वी तिला आई म्हणते, मी सांगितलं म्हणून. ताटात भाजी वाढली तर "थँक यू" म्हणते. वेणी स्वतःची स्वतः घालते. पेसमेकरच्या तपासणीला गेलो तेव्हा त्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं की." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. ते का सुरू झालं, आमच्याच वाट्याला का आलं, कधी संपलं... मी सगळी उपकरणं तपासलेली आहेत, एकही चुकत नव्हतं. इथे कुणी डॉक्टर असतील, कुणाला असं काही ठाऊक असेल तर सांगा. त्याने आता काही बदलणार नाही, तरी सांगा.

परवा माझी फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी घरी आलो, किल्लीने दार उघडलं. तन्वी सोफ्यावर पुस्तक पोटावर ठेवून झोपली होती. वैशाली खाली बसून तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"अठ्ठ्याहत्तर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "खूप वेळ बसलेय, सचिन. वाटलं, थोडी तरी खाली येईल."

झोपेतच तन्वीने हात सोडवून घेतला, गालाखाली ठेवला आणि भिंतीकडे कूस वळवली. वैशाली उठली आणि चहा ठेवायला आत गेली.